तडा कुठे गेला?

जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्याचे व्हिडिओ मी गेल्या दोन वर्षांत किती पाहिले याचा हिशेब यूट्यूबकडे असेल, माझ्याकडे नाही. दिवसभर कोड लिहून डोकं आंबल्यावर रात्री साडेअकराला कुणीतरी गंजलेला नट सोडवताना बघणं फार बरं वाटतं. आपल्या कामात काहीच हाताला लागत नाही. तिथे निदान नट हातात येतो.

यातल्या बहुतेक व्हिडिओंचा साचा आता पाठ झालाय. पडक्या शेडमधून गाडी बाहेर येते, टायर जमिनीला चिकटलेले असतात, सीटमधून उंदीर पळतो. मग प्रेशर वॉशर, मग सँडब्लास्टिंग. कुणी बोलत नाही, फक्त आवाज. इंजिन उघडलं जातं, ब्लॉक टेबलावर येतो आणि कॅमेरा एका केसाएवढ्या काळ्या रेषेवर जाऊन थांबतो. तडा. पार्श्वसंगीत जरा खाली उतरतं. तुम्ही उठून बसता. आणि पुढच्या शॉटमध्ये ब्लॉकला चकचकीत राखाडी रंग चढलेला असतो.

तडा कुठे गेला? वेल्डिंग केलं, वर पुट्टी भरली, की सरळ दुसराच ब्लॉक आणून ठेवला? माझं या व्हिडिओंबद्दलचं भांडण नेमकं या एका कटवर आहे, आणि ते वाटतं तेवढं किरकोळ नाही. गंज काढायला मेहनत लागते. वेळ द्या, पॉलिश पेपर द्या, गंज जातो, आणि मेहनत फास्ट फॉरवर्डमध्ये सुंदर दिसते. तड्याला मात्र निर्णय लागतो. हा भाग वाचवायचा की फेकायचा? वाचवला तर कसा? फेकला तर उरलेली गाडी तीच राहते का? सगळ्या गोष्टीत विचार करण्यासारखी जागा ही एकच, आणि नेमकी तीच कात्रीखाली जाते. रहस्यकथेत खून आणि अटक दाखवून मधला तपास गाळावा तसं हे झालं.

हे अपघाताने होत नाही. ‘व्हीलर डीलर्स’ हा २००३ पासून चालत आलेला ब्रिटिश कार्यक्रम तुमच्यापैकी काहींनी डिस्कव्हरीवर पाहिला असेल. त्यातला उंचापुरा मेकॅनिक एड चायना याने २०१७ मध्ये कार्यक्रम सोडला, तेव्हा त्याने जाहीरपणे सांगितलेलं कारण असं होतं की वर्कशॉपमधल्या दुरुस्तीचे बारकावे कमी करा असं चॅनलचं म्हणणं होतं. ते दाखवणं अवघड आणि खर्चिक जातं. चॅनलची अडचण मला कळते. तड्याचं काम कॅमेऱ्याला कंटाळवाणंच दिसतं. एक माणूस वाकून तासन् तास भोकं पाडतोय. पण मग जे दाखवता ते रिस्टोरेशन म्हणू नका, अंघोळ म्हणा.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्याचा स्वभाव आपल्या घरात सगळ्यांना माहीत असतो, फक्त तो इंजिनाला लावून बघायची सवय नसते. बिडाच्या तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं की आजी ओरडायची, ते का? बिडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. हे पापुद्रे म्हणजे आतल्या आत आधीच असलेल्या बारीक भेगाच समजा. म्हणून बीड दाब कितीही सोसतं, पण ताण पडला की न वाकता, न सूचना देता फुटतं. तापलेल्या तव्याचा एक भाग अचानक आकसला की उरलेला भाग त्याला ओढून धरतो आणि मधे रेघ पडते. इंजिनाचा ब्लॉक हा याच स्वभावाचा, पण आतून पाण्याचे आणि आगीचे रस्ते काढलेला गुंतागुंतीचा तवा आहे. १९३२ साली आलेल्या फोर्डच्या सुप्रसिद्ध व्ही-८ इंजिनात तर एक्झॉस्टचे रस्तेच ब्लॉकमधून जातात. त्यामुळे आज जगात कुठेही ते इंजिन विकत घेणारा आधी तडा नसलेला ब्लॉक आहे का तेच विचारतो.

याच स्वभावामुळे वेल्डिंगही सोपं नाही. बिडाला एका जागी चटका दिला की तिथला कार्बन विरघळतो, आणि आजूबाजूचं गार लोखंड ती उष्णता इतक्या झटकन ओढून घेतं की जोडाच्या कडेला काचेसारखा कडक थर तयार होतो. जोड टिकतो आणि त्याच्या शेजारी नवा तडा जातो. हे टाळायचे मार्ग आहेत. सगळा ब्लॉक सहाशे अंशांच्या पुढे तापवायचा, लालसर असतानाच बिडाच्याच सळईने भरायचा आणि मग राखेत किंवा वाळूत पुरून दिवसभर, कधी त्याहून जास्त, हळूहळू गार करायचा. नाहीतर निकेलच्या रॉडने एकेक इंच टाका द्यायचा, ठोकायचा, हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं, मग पुढचा इंच. तिसरा मार्ग उष्णता अजिबात न वापरण्याचा, म्हणजे लोखंड शिवायचा. हे तंत्र १९३० च्या दशकात टेक्सासच्या तेलक्षेत्रात रुजलं. तिथे वेल्डिंगची एक ठिणगी सगळ्यांना घेऊन गेली असती.

हे मी पुस्तकातून वाचून लिहितोय असं वाटेल, आणि मागच्या वर्षापर्यंत ते खरंही होतं. मग मामाच्या जीपने पाणी सोडलं.

जीप १९६८ ची, सीजे-३बी, उंच बॉनेटची. बॉनेट उंच, कारण खालचं इंजिन उंच: इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. कोल्हापूरला मामाच्या घरामागे ती माझ्या जन्माआधीपासून उभी आहे. अधूनमधून चालते, म्हणजे चालायची. ब्लॉकच्या बाजूने ओल दिसायला लागली म्हणून मामाने उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने रंग खरवडला आणि खाली निघाली एक पट्टी. तळहाताएवढी लोखंडी पट्टी, कडेने बारा स्क्रू, खाली कुजलेलं पॅकिंग आणि त्याला शेंदूर. देवाला लावतात तोच शेंदूर, शिशाचा. पूर्वी सांधे पाणबंद करायला तो सर्रास वापरत. म्हणजे हा तडा नवा नव्हताच. कुणीतरी, कधीतरी, मामाने जीप घेण्याच्या आधी, तो झाकून चालवला होता, आणि इतका नीट की मामाला तीस वर्षांत पत्ता लागला नाही. आता तडा पट्टीच्या बाहेर वीतभर सरकला होता.

मिस्त्रीने ब्लॉकवर रॉकेल फिरवलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड टाकली. पाच मिनिटांत पांढऱ्या पुडीवर एक ओली रेघ आपोआप उमटली. भेगेत शिरलेलं रॉकेल खडूने वर ओढून घेतलेलं.

“चिरी कुठं संपत्या त्येच आधी बघाय पायजे, पाव्हणं,” तो मला म्हणाला. “लोकं चिरी कुठनं सुरू झाली त्ये बघत्यात.”

मी मनातल्या मनात खजील झालो. बग शोधताना मीही नेहमी तेच करतो.

मामासमोर तीन रस्ते होते. वेल्डिंगला मिस्त्रीने नकार दिला. बारीक भिंत आणि पन्नास वर्षं तेल-पाणी प्यालेलं बीड, जोड धरेल याची हमी त्याला देता येईना. दुसरा रस्ता भंगारातून त्याच जातीचा धड ब्लॉक आणायचा. तो स्वस्त होता आणि लवकर झाला असता. तिसरा रस्ता शिवायचा. मला वाटलं मामा जिव्हाळ्याने तिसरा निवडेल आणि मला लिहायला एक हळवा परिच्छेद मिळेल. तसं झालं नाही. मामाने आरसी बुक काढलं आणि इंजिन नंबरवर बोट ठेवलं. तो नंबर ब्लॉकवर, वॉटर पंपाजवळ ठोकलेला असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलला, नंबर बदलला की कागद बदलले, आणि मामाला तर जीपची व्हिंटेज म्हणून नोंदणी करून घ्यायची आहे.

इथे थोडं थांबायला हवं, कारण मूळ काय याची व्याख्या करणारे लोक फक्त संग्राहक नसतात, सरकारही असतं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली. गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी हवी. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवायची मुभा. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला बंदी. आणि मुख्य अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल होईल अशी मोठी उलथापालथ झालेली नको.

नियम म्हणून हे वाचायला स्वच्छ आहे, पण टीकाकार म्हणून वाचलं की पायाखालची जमीन सरकते. शिवलेला ब्लॉक हा इंजिनातला बदल आहे का? बहुधा नाही म्हणतील, कारण नंबर तोच. मग भंगारातला धड ब्लॉक, त्याच कंपनीचा, त्याच वर्षाचा, त्याच मापाचा? तो बदल ठरायची भीती, कारण नंबर वेगळा. म्हणजे बिडात काय झालं याला नियमात जागाच नाही. जागा आहे ती बिडावर कोरलेल्या आकड्यांना. मूळपणा धातूत नसून नोंदीत असतो, असं हा नियम न बोलता सांगून जातो. मला आधी याचं हसू आलं. नंतर वाटलं, नियम अर्धा बरोबर आहे.

हा प्रश्न याआधी एका न्यायालयापुढे फार मोठ्या पैशांसाठी आला होता. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ ही स्पीड सिक्स गाडी. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं तिने फ्रान्समधली ल मां ची चोवीस तासांची शर्यत जिंकली, दोन्ही वेळा वुल्फ बार्नाटो चालकांपैकी एक. पुढे ती रेसिंगसाठी पुन्हा पुन्हा बांधली गेली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ती कठड्यावरून गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. तेव्हा तिच्यात मुळातल्यापेक्षा मोठं, आठ लिटरचं इंजिन होतं. त्यानंतरही ती पुन्हा बांधली गेली. १९९० मध्ये सुमारे एक कोटी पौंडांचा सौदा झाल्यावर खरेदीदार मागे फिरला. ही ती गाडीच नव्हे, शर्यत जिंकलेल्या गाडीतलं हिच्यात फारसं काही उरलेलंच नाही, असं त्याचं म्हणणं.

लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ओटन यांनी गाडीच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालाचा तर्क मला एखाद्या चांगल्या समीक्षालेखासारखा वाटतो. कारखान्यातून निघाली तशी ही ‘मूळ’ गाडी आहे असं कुणी म्हणू शकत नाही, हे त्यांनी सरळ मान्य केलं. पण गाडी कधी एका क्षणी संपली आणि दुसरी सुरू झाली असंही घडलं नाही. भाग हळूहळू बदलत गेले, प्रत्येक नवा भाग आधीच्या गाडीत मुरत गेला, आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. तेव्हा हीच ओल्ड नंबर वन. ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे दोन शब्द आपण एकाच श्वासात वापरतो. निकालाने ते वेगळे केले. अस्सल असण्यासाठी तुटक का होईना, पण न संपलेला इतिहास हवा.

हा निकाल मला पटतो. त्याचा सोयीस्कर वापर मात्र पटत नाही. इतिहास अखंड आहे म्हटलं की काहीही बदलायला मोकळीक मिळते. आणि उलट्या बाजूने, इतिहास नसलाच तर तो विकतही मिळतो. बेंटलीने २०१९ मध्ये आपल्याच १९२९ च्या ‘ब्लोअर’ गाडीचा भाग न् भाग लेझरने मोजून तशाच बारा नव्या गाड्या बांधायचं जाहीर केलं. कारागिरी म्हणून त्या अफाट आहेत, त्यात शंका नाही. जुन्या भागाची हुबेहूब नक्कल ओतणं हे खायचं काम नव्हे. बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि पाण्याच्या पोकळीचा वाळूचा कोअर एक-दोन मिलिमीटर सरकला तरी भिंत एका बाजूला पातळ होते. आता तर वाळूचा साचाच थ्रीडी प्रिंट करतात, लाकडी पॅटर्नची गरजही उरलेली नाही. पण त्या बारा गाड्यांत काही तुटलेलं नाही, आणि म्हणून कुणी काही ठरवलेलंही नाही. माझ्या रात्रीच्या व्हिडिओतला तो राखाडी रंग इथे थेट कारखान्यातून येतो.

या दुखण्यावर सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कडवट लिहिणारा माणूस जॉन रस्किन. १८४९ मध्ये, मोटार जन्माला यायच्या आधी, त्याने इमारतींविषयी लिहिताना ठणकावलं की रिस्टोरेशन हे साफ खोटं असतं. त्याच्या मते मेलेलं उठवता येत नाही, आणि जुन्याच्या जागी नवं बसवून त्याला जुनं म्हणणं हा नाशाचाच प्रकार. त्याने सुचवलेला इलाज मात्र मिस्त्रीला शोभेलसा होता: रोज काळजी घ्या, जिथे सुटतंय तिथे लोखंडाने बांधा, जिथे कलतंय तिथे लाकडाचा टेकू द्या, आणि तो टेकू कुरूप दिसतो याची लाज बाळगू नका. शेंदूर लावलेली ती पट्टी बघितल्यावर मला रस्किनच आठवला. कुरूप, प्रामाणिक, आणि निदान तीस वर्षं चाललेली.

खरं सांगायचं तर याच ठिकाणी मी चुकलो. पट्टी काढू नये असं माझं मत झालं आणि मी ते मामाला जोरात ऐकवलं. ती या जीपचा इतिहास आहे, तिच्या भोवतीचाच वाढलेला तडा शिवावा. मिस्त्रीने शांतपणे स्क्रू सोडवला आणि खालचं पॅकिंग बोटाने चुरून दाखवलं. पीठ झालं होतं. पट्टी ठेवली तर पाणी तिच्या खालून येणार, टाके कितीही चांगले घाला. इतिहास राखायच्या नादात मी पाणी विसरलो होतो. संग्रहालयात उभ्या गाडीला रस्किन चालतो. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी न गळणं भाग असतं. जपानी लोक फुटकी भांडी सोन्याने सांधतात त्याचं उदाहरण अशा लेखात हमखास येतं, पण त्या भांड्यात कुणी उकळत्या पाण्याचा दाब सोडत नाही.

आणि काही भागांना शिवायचंच नसतं. स्टिअरिंगचा किंवा ब्रेकचा भाग तडकला तर तो वितळवायलाच द्यावा, मग तो कितीही मूळ असो. ‘ओरिजिनल पार्ट’ची पूजा करणारे संग्राहक हे विसरतात, आणि माझ्यासारखे खुर्चीतले टीकाकार तर जास्तच.

रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ च्या मोटारसायकलवरच्या प्रसिद्ध पुस्तकात एक प्रसंग आहे. निवेदकाच्या मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल होतं. निवेदक सांगतो, बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून आत घालू, याहून चांगलं काही नाही. मित्राला तो अपमान वाटतो. आमच्या इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर हे पुस्तक पंथाच्या पोथीसारखं फिरायचं आणि आम्ही सगळे अर्थातच निवेदकाच्या बाजूने असायचो. आता वाटतं, पर्सिगने स्वतःला सोपं उदाहरण दिलं. पत्र्याची पट्टी हँडलच्या आत दडते, काम करते आणि नको झाली तर काढता येते. तिने काही कायमचं बदलत नाही. शिवण तशी नसते. टाका घालायला चांगलं बीड पोखरावं लागतं. दुरुस्ती करताना मूळ वस्तूचा थोडा भाग तुम्ही स्वतःच्या हाताने घालवता, आणि मागे फिरता येत नाही. त्या जबाबदारीबद्दल एवढ्या जाड पुस्तकातलं मला तरी काही आठवत नाही.

उद्यमनगरातलं काम मी दोन दिवस बसून पाहिलं. आधी तडा जिथे संपतो तिथे एक बारीक भोक, म्हणजे तो पुढे पळणार नाही. मग जिगच्या मदतीने तड्याला आडवी भोकांची ओळ, ओळीतली भोकं जोडून एक खाच, त्या खाचेत निकेलच्या मिश्रधातूच्या कुलुपासारख्या पट्ट्या एकावर एक ठोकत थर. ही कुलुपं दोन्ही कडा एकमेकींकडे धरून ठेवतात. त्यानंतर तड्याच्या लांबीवर एकामागे एक आटे पाडून स्टड, प्रत्येक नवा स्टड आधीच्याचा काही भाग कापत जाणारा, म्हणजे दोघांमध्ये फट उरतच नाही. पाणी अडवायचं काम स्टडचं, ताण घ्यायचं काम कुलुपांचं. हे कळल्यावर मी मिस्त्रीला काहीतरी शहाणपणाचं विचारलं, त्यावर तो म्हणाला, “जरा उजेडातनं सरका.”

हे दोन दिवस व्हिडिओत नव्वद सेकंद होतील आणि ती नव्वद सेकंदं कुणी शेअर करणार नाही. तरी कुणीतरी ती ठेवायला हवी. मला चकाचक गाडीबद्दल तक्रार नाही. मला एवढंच हवंय की राखाडी रंग चढायच्या आधी कॅमेऱ्यासमोर उभं राहून कुणीतरी सांगावं: तडा इथे होता, आम्ही असं केलं, हे घालवलं आणि हे ठेवलं. बेंटलीच्या निकालात गाडी जिंकली ती हे असं कुणीतरी नोंदवत आलं म्हणूनच. जीपला तेवढीही नोंद नाही. पट्टी कुणी लावली, कोणत्या साली, कुठल्या रस्त्यावर उकळून, हे आता कळणार नाही.

घासून सपाट केल्यावरही स्टडची रांग दिसते. आजूबाजूच्या काळपट बिडात ते गोल जरा उजळ आहेत. पाण्याचा दाब देऊन रात्रभर ठेवलं, खाली पसरलेला पेपर सकाळी कोरडा होता. मिस्त्रीने रंगाचा डबा उघडला तेव्हा मामा म्हणाला, तपासणी होऊ दे, मग बघू. त्याचा हिशेब असा की रंग दिसला तर साहेब विचारणार, काय लपवलंय.

पट्टी मामाने ठेवली आहे, बारा स्क्रूंसकट, डॅशबोर्डच्या कप्प्यात. एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा वेगळ्या आट्याचा निघाला. म्हणजे पट्टीही कधीतरी कुणीतरी पुन्हा दुरुस्त केली होती.